गाडींतील तांबडा दिवा

मोटारगाडीच्या चालकापुढील फळीवर जे लहान लहान दिवे बसविलेले असतात, त्यांपैकीं बहुतेकांचें म्हणणें उद्यांवर टाकतां येतें. कांच धुण्याचें पाणी संपलें किंवा पेट्रोल उतरत चाललें, असें सांगणारे दिवे मालकास जरा त्रास देतात, एवढेंच. एक दिवा मात्र त्या जातीचा नाहीं. तांबड्या वर्तुळांत एक उद्गारचिन्ह आणि वर्तुळाच्या दोहों बाजूंस दोन कंस, अशी त्याची आकृति असते. हा ब्रेकचा दिवा होय. तो लागला असतां काय झालें असावें, घरच्या घरीं काय पाहतां येईल आणि कोणतें काम मिस्त्रीकडेच सोंपविलें पाहिजे, हें ज्या घरीं गाडी आहे त्या घरांतील प्रत्येक चालविणाऱ्यास ठाऊक असणें जरूर आहे. कारण या दिव्याचें समाधान करणें फार सोपें आहे, आणि खरें संकट तेंच आहे.

संगमनेरकरांस तर या दिव्याची ओळख इतरांहून अधिक असावयास हवी. हें शहर प्रवरेच्या खोऱ्यांत, म्हाळुंगीच्या संगमाशीं वसलेलें आहे. पुण्याहून येणारी गाडी घारगांवापाशीं मुळा नदी ओलांडते, पठारावरून पुढें येते आणि चंदनापुरीचा घाट उतरून गांवाकडे वळते. नाशिकहून येणाऱ्या गाडीस कऱ्ह्याचा घाट उतरावा लागतो. म्हणजे कोणत्याही बाजूनें घरीं परतावयाचें म्हटलें तरी प्रवासाच्या अखेरीस उतार हा आहेच. गाडींतील मुलें पेंगुळलेलीं, चालविणारा थकलेला, घर जवळ आल्याची घाई मनांत, आणि अशाच वेळीं ब्रेकवर सर्वांत अधिक भार. उसाचा गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे त्यांत भर पडते ती ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची. त्यांच्या पाठीमागें दिवा असतोच असें नाहीं. अंधारांत उसाचा डोंगर एकाएकीं पुढें उभा राहतो, आणि मग साऱ्या गाडीचा भरंवसा एका पेडलावर येऊन ठेपतो.

घाटांत ब्रेकला किती काम पडतें याचा हिशेब शाळकरी मुलासही मांडतां येईल. माणसें आणि सामान धरून गाडीचें वजन १२०० किलो आहे आणि ती १५० मीटर खालीं उतरली असें समजा. या उतरण्यांत जी शक्ति मोकळी होते ती सुमारें ५ लिटर थंड पाण्यास उकळी आणण्यास पुरेल. ती सारी कोठेंतरी गेली पाहिजे. कांहीं वाटा वारा घेतो, कांहीं एंजिन घेतें (तेंही गाडी खालच्या गिअरमध्यें असेल तरच), आणि उरलेली सगळी चाकांजवळच्या लोखंडी तबकड्यांत उष्णता होऊन सांठते.

पाय आणि ही तबकडी यांच्यामधील दुवा म्हणजे एक द्रव. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा नियम ब्लेझ पास्काल या फ्रेंच विद्वानानें सतराव्या शतकांत मांडला. मोटारींनीं त्याचा उपयोग बराच उशीरा केला. आरंभीच्या गाड्यांचे ब्रेक दांड्यांनीं आणि तारांनीं ओढले जात. चारही चाकांस द्रवाचे ब्रेक असलेली गाडी अमेरिकेंतील ड्युसेनबर्ग कंपनीनें १९२१ सालीं बाजारांत आणली. तेव्हांपासून तत्त्व बदललेलें नाहीं. पेडल दाबलें कीं मास्टर सिलेंडरमधील दट्ट्या द्रवास रेटतो, तो द्रव बारीक नळ्यांतून चाकांपाशीं जातो, आणि तेथील दट्टे लायनरांना पुढें सारून फिरत्या तबकडीस दोहों अंगांनीं चिमटींत धरतात. पुष्कळ गाड्यांच्या मागील चाकांत तबकडीऐवजीं ड्रम असतो. तेथें लायनर आंतून बाहेर ताणले जातात, इतकाच भेद. द्रव दाबून लहान होत नाहीं, म्हणूनच पायाचा जोर चाकापर्यंत पोंचतो. त्यांत हवेचा किंवा वाफेचा बुडबुडा शिरला कीं पायाचा जोर तो बुडबुडा चेपण्यांत खर्ची पडतो. पेडल स्पंजासारखें मऊ लागतें आणि गाडी धांवतच राहते.

या द्रवास आपल्याकडे झाडून सारे ब्रेक ऑईल म्हणतात. नांव रूढ झालें आहे आणि तें बदलण्याचा हट्ट धरण्यांत अर्थ नाहीं. परंतु तें तेल नव्हे, एवढें पक्कें लक्षांत असावें. तें ग्लायकॉल वर्गांतील रसायनांचें मिश्रण असतें. ऑईल या शब्दावर भिस्त ठेवून कोणी त्या भांड्यांत एंजिनचें तेल ओतलें तर आंतील रबरी कप फुगतात, दट्टे अडकतात, आणि सारी यंत्रणा खोलून रबरें बदलण्याचा प्रसंग येतो. एका शब्दापायीं झालेलें नुकसान यापेक्षां महाग क्वचितच असेल.

आतां दिव्याकडे वळूं. त्याला पेटविणारे हात मुख्यतः दोन. पहिला हात हँडब्रेकचा. दांडा वर ओढला कीं त्याच्या बुडाशीं असलेला खटका मिटतो आणि दिवा लागतो. दांडा पुरता खालीं बसला नसेल, किंवा खटक्यांत धूळ जाऊन तो अडकला असेल, तर ब्रेक सुटूनही दिवा विझत नाहीं. म्हणून दिवा दिसतांच प्रथम दांडा एकदां पूर्ण ओढून पुन्हां खालीं सोडावा. तेवढ्यानें काम झालें तर पुढील चिंता नको; मात्र हँडब्रेक अर्धवट ओढलेला राहून गाडी मैलोगणती चालविली गेली असेल तर मागील लायनर तापून झिजलेले असण्याचा संभव आहे, तो तपासून घ्यावा.

दुसरा हात द्रवाच्या भांड्यांतील. बॉनेट उघडल्यावर चालकाच्या बाजूस, मागील भिंतीपाशीं एक लहानसें अर्धपारदर्शक भांडें दिसतें. त्यावर वरची आणि खालची अशा दोन रेघा असतात. भांड्यांत एक तरंगता तुकडा असून त्यांत लोहचुंबक बसविलेलें असतें; द्रवाची पातळी उतरत खालच्या रेघेशीं आली कीं चुंबकाच्या ओढीनें एक खटका मिटतो आणि फळीवर तांबडें उमटतें. पातळी रेघेच्या जरा वर असेल तर सपाट रस्त्यावर दिवा गप्प असतो, पण उतारावर किंवा वळणावर द्रव एका बाजूस सरकतांच क्षणभर लुकलुकतो. चंदनापुरीच्या वळणांवर लुकलुकणारा आणि गांवांत आल्यावर विझणारा दिवा पुष्कळांनीं पाहिला असेल. आपोआप बरा झाला असें समजून तो विसरला जातो. वस्तुतः त्यानें दिलेली ती पहिली आणि सर्वांत उपयोगी सूचना असते.

येथें तो सोपा उपाय पुढें येतो. गाडी गॅरेजांत नेली जाते, मिस्त्री झांकण उघडतो, बाटलींतून थोडा द्रव ओततो, दिवा विझतो. "ऑईल थोडं कमी होतं साहेब, टाकलं," असें तो सांगतो, आणि मालक पैसे देऊन समाधानानें परत येतो. या सगळ्यांत कोणीं खोटें बोललेलें नसतें. परंतु एक प्रश्न विचारावयाचा राहून गेलेला असतो: "पण मिस्त्री, होतं तें गेलं कुठं?" पेट्रोल जळतें, एंजिनचें तेलही थोडेंबहुत जळतें, ब्रेकचा द्रव मात्र जळत नाहीं, आणि झांकण बंद असतां उडूनही जात नाहीं. ही बंद घरांतली मोजकी ठेव आहे. ती कमी झाली असेल तर एक तर ती घरांतच दुसऱ्या खोलींत गेली, नाहीं तर घराबाहेर गेली. तिसरें उत्तर नाहीं.

दुसऱ्या खोलींत गेली म्हणजे काय? लायनर जसजसे झिजतात तसतसे चाकांजवळचे दट्टे थोडे थोडे पुढें येऊन राहतात, आणि त्यांच्या मागें पडलेली मोकळी जागा भांड्यांतील द्रव भरून काढतो. म्हणजे हजारो मैलांत हळूहळू उतरलेली पातळी ही बहुधा झिजलेल्या लायनरांची खूण असते. नवें लायनर सुमारें १० मिलिमीटर जाड असतें. ३ मिलिमीटर उरलें म्हणजे तें बदलावें, असा सर्वसाधारण प्रघात आहे. कित्येक लायनरांना पत्र्याची एक जीभ असते. झीज फार झाली कीं ती तबकडीस घासून कर्कश ओरडते. लायनर बदलावयाचे ते एकाच आंसावरील दोन्ही चाकांचे बदलावे. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक लागतांच गाडी एका अंगास ओढूं लागते. आतां वरून द्रव ओतून दिवा विझविला असेल तर या वेळीं दुसरीच गम्मत होते. नव्या, जाड लायनरांना जागा करण्यासाठीं मिस्त्री दट्टे मागें रेटतो, त्यांच्या मागचा द्रव भांड्यांत परततो, आणि आधींच भरलेलें भांडें उतूं जातें. हा द्रव रंगाचा शत्रु आहे. जेथें सांडेल तेथील रंग तो सोलून काढतो. सांडलाच तर तत्काळ भरपूर पाण्यानें धुवावा.

घराबाहेर जाण्याची गोष्ट निराळी. मागील ड्रममधील व्हील सिलेंडरचा रबरी कप, पुढील चाकाजवळची लवचिक नळी, नळ्यांचे सांधे, या नेहमींच्या जागा. चाकाच्या आंतल्या अंगास टायरवर ओल दिसते. ती पाण्याची कीं द्रवाची हें बोटास कळतें, कारण द्रव निसरडा, चिकटसर आणि किंचित् पिवळट असतो. गाडीच्या मध्याखालीं पडणारें स्वच्छ पाणी थंड हवेच्या यंत्राचें. त्यानें घाबरूं नये. रात्रीं चारही चाकांच्या आंतल्या बाजूंखालीं पुठ्ठ्याचे तुकडे टाकून ठेवले तर सकाळीं कोणतें चाक गळतें तें समजतें. मात्र एक गळती अशी आहे कीं ती बाहेर दिसतच नाहीं. मास्टर सिलेंडरच्या मागील रबर गेलें तर द्रव शेजारच्या बूस्टरच्या डब्यांत उतरतो, जमीन कोरडी राहते, पुठ्ठे कोरडे राहतात, आणि पातळी मात्र आठवड्यागणिक घटते. पुठ्ठा कोरडा म्हणून निश्चिंत होऊं नये तें यासाठीं.

आजच्या गाड्यांत मास्टर सिलेंडरचे दोन स्वतंत्र भाग असतात आणि प्रत्येक भाग दोन चाकांस पुरवठा करतो. पुष्कळ लहान गाड्यांत एक पुढचें चाक आणि त्याच्या तिरकस समोरचें मागचें चाक अशी जोडी लावलेली असते. त्यामुळें एक भाग रिकामा झाला तरी दुसरा उरतो. ही सोय मोठीच आहे, परंतु तिचा अर्थ नीट समजला पाहिजे. पेडल नेहमींपेक्षां पुष्कळ खालीं जातें आणि गाडी थांबण्यास फार अधिक अंतर लागतें. गाडी थांबते म्हणून ब्रेक ठीक आहेत असें मानून घाट चढणारा मनुष्य अर्ध्या ब्रेकवर तो घाट उतरावयाचें ठरवीत असतो.

घरीं करण्याजोगी दुसरी परीक्षा पेडलाची. गाडी सपाट जागीं उभी करून चाकांस दगड लावावे. एंजिन बंद ठेवून पेडल पांचसहा वेळां दाबावें. तें कठीण होत जातें. मग तें तसेंच दाबून धरून एंजिन सुरू करावें. पेडल किंचित् खालीं गेलें तर बूस्टर काम करीत आहे असें समजावें. त्यानंतर अर्धा मिनिट सारख्या जोरानें दाबून धरावें. तें जागच्या जागीं राहिलें तर उत्तम. हळूहळू तळाकडे जात राहिलें तर कोठें तरी गळती आहे, किंवा मास्टर सिलेंडरच्या आंतच द्रव मागें झिरपत आहे. अशी गाडी गॅरेजपर्यंत चालवीत नेऊं नये. मिस्त्रीस घरीं बोलवावें किंवा गाडी ओढून न्यावी. गळतें रबर किंवा नळी बदलल्यावर नळ्यांत शिरलेली हवा एकेका चाकापाशीं काढून टाकावी लागते. हें काम कौशल्याचें आहे, आणि ए.बी.एस. असलेल्या कित्येक गाड्यांत त्यास संगणकाची जोडही लागते.

पातळी बरोबर, लायनर जाड, पेडल घट्ट, आणि तरीही दिवा लागलेला, असेंही घडतें. तेव्हां संशय तरंगत्या तुकड्यावर किंवा तारेवर घ्यावा. पुष्कळ गाड्यांत भांड्याच्या खटक्याची तार सोडवली असतां दिवा विझतो. विझला तर दोष भांड्यांतील खटक्याचा, न विझला तर हँडब्रेकच्या खटक्याचा किंवा तारेचा. ऊसमळ्यांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनीं तारा कुरतडणें ही कांहीं नवलाची गोष्ट नाहीं. परंतु हा संशय सर्वांत शेवटीं घ्यावयाचा असतो, सर्वांत आधीं नव्हे. दिवा खोटा आहे हें मानणें मनास फार सुखाचें वाटतें, म्हणूनच तें पुराव्यावांचून मानूं नये.

याच्या उलट प्रकार अधिक वाईट: दिवा मुळींच न लागणें. किल्ली फिरवली कीं एंजिन सुरू होण्यापूर्वीं हा दिवा क्षणभर लागून स्वतः जागा असल्याची खूण बहुतेक गाड्यांत देतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानें एवढें अवश्य पाहावें. दोष काढण्यापेक्षां दिव्याचा बल्ब काढणें स्वस्त पडतें, हें कांहीं विक्रेत्यांस चांगलें ठाऊक असतें.

तांबड्याच्या शेजारीं एक पिवळा दिवा असतो, तो ए.बी.एस.चा. भारतांत एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ही योजना सक्तीची झाली, त्यामुळें तो आतां घरोघरीं पोंचला आहे. जोराचा ब्रेक लागतांना चाकें जाम होऊन घसरूं नयेत म्हणून ही यंत्रणा दाब झपाट्यानें सोडते आणि धरते. त्यासाठीं प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा एक सेन्सर असतो. काळ्या मातीचा चिखल त्यावर बसला किंवा त्याची तार तुटली कीं पिवळा दिवा लागतो. एकटा पिवळा लागला असतां साधे ब्रेक चालू असतात, फक्त ओल्या रस्त्यावर अधिक जपावें लागतें. पिवळा आणि तांबडा दोन्ही एकदम लागले तर मागच्या आणि पुढच्या चाकांत दाब वांटून देणारी योजनाही बंद पडल्याचा संभव असतो, आणि जोरानें ब्रेक लावतांच मागचीं चाकें आधीं घसरून गाडी फिरूं शकते. त्या दिवशीं घाटाचा बेत रद्द करणें श्रेयस्कर.

दिवा जें सांगूं शकत नाहीं असेंही एक आहे. तो द्रव किती आहे तें मोजतो, कसा आहे तें नव्हे. हा द्रव हवेंतील ओल शोषून घेतो. डॉट ४ या प्रतीचा नवा द्रव निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं, त्यांत ३.७ टक्के पाणी मुरलें म्हणजे हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. संगमनेर पर्जन्यछायेंत असल्यामुळें येथें कोणी ओलीचा विचार करीत नाहीं. पण येथील गाड्या पावसाळ्यांत भंडारदऱ्यास आणि घाटघरास जातातच, आणि द्रव तर कोरड्या गांवींही वर्षानुवर्षें हळूहळू पाणी घेतच असतो. घाट उतरतांना तापलेल्या लायनरांजवळ असा जुना द्रव उकळला कीं नळींत वाफ होते. भांडें कांठोकांठ भरलेलें, दिवा विझलेला, आणि पेडल पायाखालीं निसटतें. कित्येकदां तर हें घाटांत न होतां घाट संपल्यावर चहासाठीं थांबलें असतां होतें, कारण गाडी उभी राहिली म्हणजे वारा थांबतो आणि तबकडीची उष्णता द्रवांत शिरते. चहा घेऊन निघालेल्या मंडळींस पहिल्याच वळणावर ब्रेक मिळत नाहीं. म्हणून दर दोन वर्षांनीं, किंवा गाडीच्या पुस्तिकेंत दिलेल्या मुदतींत, हा द्रव पूर्ण बदलावा. उघडून ठेवलेल्या बाटलींतला उरलेला द्रव पुढच्या वर्षासाठीं जपून ठेवण्याची काटकसर करूं नये.

काटकसरीचा दुसरा एक प्रकार म्हणजे उतारावर गाडी न्यूट्रलमध्यें सोडणें किंवा एंजिन बंद करणें. पुण्याजवळ नवले पुलाच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ रोजीं रात्रीं एका अवजड मालमोटारीनें अनेक वाहनांस ठोकरलें. ब्रेक निकामी झाल्याचें प्रथम बोललें गेलें. पुढें तपासांत, चालकानें उतारावर एंजिन बंद केलें होतें, असें पोलिसांनीं सांगितलें. एंजिन बंद झालें कीं मालमोटारीस ब्रेकची हवा मिळत नाहीं आणि लहान गाडीच्या बूस्टरची ओढ दोनचार दाबांत संपते. शिवाय यांत बचतही नाहीं. आजच्या गाड्यांत गिअर टाकलेला ठेवून अॅक्सिलरेटरवरून पाय काढला असतां उतारावर इंधनाचा पुरवठा जवळजवळ थांबतो; न्यूट्रलमध्यें मात्र एंजिन फिरतें ठेवण्यासाठीं तें खर्च होतच राहतें.

इतकें करूनही घाटांत पेडल खालीं गेलेंच, तर एंजिन चालू ठेवावें आणि पेडल भराभर वरखालीं दाबावें; बुडबुडे चेपले जाऊन थोडा तरी दाब मिळण्याचा संभव असतो. एकेक गिअर खालीं आणीत जावें. हँडब्रेक एकदम न ओढतां, बटण दाबून धरून, हळूहळू ओढावा. हॉर्न आणि दिवे चालू ठेवावे, आणि दरीकडची बाजू सोडून डोंगराच्या अंगास गाडी घासत थांबवावी. पत्रा पुन्हां सरळ करतां येतो. थांबल्यावर चाकास दगड लावून सर्वांनीं रस्त्यापासून दूर उभें राहावें. द्रव थंड झाला म्हणजे पेडल पुन्हां घट्ट लागूं शकतें. तें घट्ट लागलें म्हणून त्याच गाडीनें उरलेला घाट उतरूं नये.